मिलिटरीचं मीटर आणि बिनकानाचा कप

जे यंत्र पार बंद पडतं त्याच्यावर मी कधी चिडलो नाही. ते बिचारं मरून पडलेलं असतं. उघडायचं, शोधायचं, बदलायचं, संपलं. माझं डोकं फिरायचं ते चालता चालता दगा देणाऱ्या यंत्रानं. दुकानात ठणठणीत गाणार, घरी नेलं की मुकं होणार, परत आणलं की पुन्हा गाणार आणि गिऱ्हाइकासमोर आपल्याला खोटं पाडणार. रेडिओत असा दोष असला तर एक वेळ सोसता येतं. पण ज्या मीटरनं रेडिओचे दोष शोधायचे त्या मीटरलाच तो जडला, तर मेकॅनिकनं जायचं कुठं?

माझ्या मीटरला तो जडला होता. निदान मी तसं धरून चाललो होतो.

यवतमाळात आर्णीच्या रस्त्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. छप्पन सालानंतरची ती वर्षं. ग्रामपंचायतींकडे बॅटरीवर चालणारे रेडिओ येऊ लागले होते आणि ते बिघडले की एसटीच्या टपावरून नाहीतर बैलबंडीतून माझ्या दारात येऊन पडायचे. नेरचे यायचे, केळापूरकडचे यायचे, आर्णीकडच्या बंजारा तांड्यांवरचेही यायचे. हिवाळ्यात कापसाच्या बंड्या दारावरून जायच्या आणि उडालेला कापूस रेडिओच्या पोटात जाऊन बसायचा. आधी ब्रशनं कापूस काढायचा, मग रोग शोधायचा, अशी आमची डॉक्टरकी.

मीटर मी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. लढाईनंतर मिलिटरीनं मोडीत काढलेल्या मालातलं, काळं, जड, चामड्याच्या पट्ट्याचं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. विकणारा म्हातारा चाचा म्हणाला होता, "मिस्त्री, इसने लड़ाई देखी है. आपको नहीं सताएगा." दोन-तीन वर्षं त्यानं खरंच सतावलं नाही.

हे काम मी ज्या उस्तादाकडे शिकलो त्यानं दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. पहिली, चालू रेडिओत हात घालताना एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो आणि माणूस जागेवर आडवा होतो. म्हणून काळी वायर चिमट्यानं रेडिओच्या पत्र्याला लावून द्यायची, डावा हात खिशात घालायचा आणि उजव्या हातात लाल वायरची पिन धरून एकेक ठिकाण तपासायचं. दुसरी गोष्ट, डोळा काट्यावर आणि बोटं पिनेवर. पिनेकडे पाहायचं नाही. पिन नीट टेकली की नाही हे बोटांनी सांगायचं. जो पिनेकडे पाहतो तो अजून शिकाऊ, असं उस्ताद म्हणायचा. मी शिकाऊ नव्हतो आणि मला त्याचा भलता अभिमान होता.

तर काटा पडू लागला. नीट वर चढायचा, थरथरायचा आणि झपकन शून्यावर यायचा. मी दचकून पिनेकडे पाहायचो, ती जागेवर दाबायचो, की काटा पुन्हा वर. पुन्हा काट्याकडे पाहायला लागलो की थोड्या वेळानं तेच. दोष शोधायला बसलं की दोष गायब. मी मीटर उघडलं. आतला फिरता स्विच स्पिरिटनं पुसला, सगळे कथलाचे डाख नव्यानं दिले, दोन्ही वायरी बदलल्या. कापूस असेल म्हणून ब्रश फिरवला, ओल असेल म्हणून उन्हात ठेवलं. पेचकसाच्या मुठीनं टिचक्या मारून पाहिल्या. काटा मख्ख. बंद करून कामाला घेतलं की पडलाच.

एकदा वैतागून बायकोला हाक मारली. म्हटलं, ही पिन इथं धरून ठेव, मी काटा पाहतो. ती पिठाचे हात पदराला पुसून आली आणि पिन धरून उभी राहिली. काटा हलला नाही. मी मीटर आपटलं, फिरवलं, उलटं केलं. काटा जिथल्या तिथं.

"चांगलं तर चालून राह्यलं," ती म्हणाली. "त्याले माह्या हात आवडते. तुमचा रागीट हात नाही आवडत."

मी तिच्यावर खेकसलो. हसत हसत ती आत निघून गेली. दुसऱ्या हातात मीटर चांगलं चालतं, एवढी सरळ गोष्ट समोर घडली होती. रेडिओ असता तर मी त्यावरून क्षणात रोग ओळखला असता. इथं ओळखला नाही, कारण स्वतःवर संशय घेण्याची मला सवयच नव्हती.

मग मीटर पिशवीत घालून मी नागपूरला गेलो आणि भर बाजारात चाचाशी भांडलो. त्यानं शांतपणे वायरी लावून दाखवल्या. "मीटर चोख है, मिस्त्री," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि मी पुन्हा पुन्हा आवाज चढवत राहिलो. लोक जमले. मीटर घेऊनच परत आलो.

त्याच दिवसांत माझी दुसरी एक कीर्ती झाली होती. खेड्यातल्या रेडिओंना नव्वद व्होल्टची मोठी बॅटरी असे. तिला बोट लावलं तर चांगला झटका बसतो. मी बोट लावून बॅटरी जिवंत आहे की मेलेली ते पाहायचो, आणि हळूहळू मला झटका लागेनासा झाला. बोटं कोरडी पडली होती, कातडी जाड झाली होती. काम करून करून होतं असं, मी म्हणायचो. चहाला थांबलेले शेतकरी तोंडात बोट घालायचे. "याले करंटच नाही लागत बा!" कोणी ओरडायचा. मी हसून पुन्हा बोट ठेवायचो. करंट आपल्याला ओळखतो, असंही एकदा म्हणालो होतो. आठवलं की आजही कान तापतात.

आता कपाबद्दल सांगितलं पाहिजे.

दुकानाच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक बिनकानाचा कप पालथा घातलेला असे. आर्णीकडच्या तांड्यावरून कोणी आलं की त्याला चहा त्या कपात. आमच्या आईच्या वेळेपासूनची ती रीत. चहा सगळ्यांना एकाच भांड्यातला, गोडही तेवढाच, पण गावातल्या माणसांना कपबशी आणि तांड्याच्या माणसाला कोनाड्यातला कप. बायको आतून चहाचं भांडं घेऊन यायची, वरून ओतायची. पिऊन झालं की पाहुण्यानं तो स्वतः रांजणाच्या पाण्यानं विसळून पुन्हा पालथा घालायचा. कोणी त्यावर कधी काही बोललं नाही. आम्हीही नाही, तेही नाही.

त्या कपाचा नेहमीचा धनी म्हणजे एका तांड्याचा नायक. तांड्याचा मुखिया, उंच, पांढऱ्या मिशांचा, बोलायला सावकाश. पंचायतीचा रेडिओ त्याच्याच ओसरीत होता आणि बिघडला की तो मांडीवर घेऊन एसटीनं यायचा. मी त्याला "या नायक, बसा नायक" करायचो. तोंडानं अहोजाहो, चहा मात्र कोनाड्यातल्या कपात. बिनकानाचा कप गरम असायचा म्हणून तो धोतराच्या सोग्यात धरून प्यायचा. मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. पाहिलं होतं एवढंच.

एका दुपारी तो रेडिओ घेऊन आला. आवाज येतो, जातो, म्हणाला. तांड्यावर लग्न होतं, त्याच्या आत हवा होता. बायकोनं चहा ओतून दिला. मी मागचा पत्रा काढला आणि मीटर लावलं. काटा पडला. मी मीटरला एक शिवी हासडली आणि आयर्न तापवून अंदाजानं डाख द्यायला घेतला. नायक समोर बसून कप फुंकत होता. मला कातडं जळाल्यासारखा वास आला. वाटलं, वायरचं रबर असेल. मी वास घेत आत पाहत राहिलो.

"मिस्त्री," नायक एकदम म्हणाला, "हात जळून राह्यला तुमचा!"

मी पाहिलं. आयर्न माझ्या उजव्या हातात खाली घसरलं होतं आणि अंगठा नि त्याच्या शेजारची बोटं तापल्या लोखंडाला टेकलेली होती. कातडी पांढरी होऊन वर आली होती. मी आयर्न टाकलं. दुखत नव्हतं. दुखण्याची वाट पाहत मी हाताकडे बघत बसलो आणि दुखणं काही येईना.

नायकानं कप खाली ठेवला. दाराबाहेर कोणी नाही असं पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या तांड्यावर एक सायकलवाला येते. पीस घेऊन येते, कोंबडीचं. अंगाले लावून पाह्यते. गोळ्या देते. सरकारी माणूस हाय, कोणाले सांगत नाही."

मला सगळं समजलं आणि समजल्याबरोबर संताप आला. "माझी बोटं कामानं कोरडी पडलीत," मी ओरडलो. "दिवसभर आग हाताळतो मी. मला काय सांगता?"

"बरं," तो म्हणाला. कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला. "रेडिओ ठेवून जातो. हात बरा झाला का दुरुस्त करा." आणि तो एसटीकडे गेला. दुसऱ्या दुकानात नेला असता तर मला बरं वाटलं असतं, असं त्या वेळी मनात आलं.

तो गेल्यावर मी पडदा ओढून घेतला, मीटरची लाल पिन डाव्या हातात धरली, डोळे मिटले आणि पिन उजव्या हाताच्या बोटांवर टोचत गेलो. करंगळीला लागली. तळहाताला लागली. मग काहीच लागेना. डोळे उघडले तेव्हा पिन अंगठ्यात रुतली होती आणि रक्ताचा थेंब आला होता. मग डाव्या हातानं रेडिओ तपासला. डोळा काट्यावर ठेवला. काटा एकदाही पडला नाही. मीटर चोख होतं.

महारोग हा शब्द मी तोंडानं काढला नाही, पण डोक्यात दुसरं काही उरलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला देवळाबाहेर असे लोक बसायचे. त्यांच्या ताटलीत मी नाणं टाकायचो तेही वरून, हात लांब ठेवून. आता दुकान जाणार, घर जाणार, बायकोला माहेरचे घेऊन जाणार. त्या दिवसापासून माझा उजवा हात खिशात गेला. डाव्या हातानं काम करू लागलो. एक हात खिशात हा धंद्याचाच नियम, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. उलट एक गिऱ्हाईक म्हणालं, "शिस्तीचा माणूस आहे बा." लाजेनं मला मान वर करवेना.

बायकोला मात्र फसवता आलं नाही. जेवताना मी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला तशी तिनं ताट बाजूला सारलं.

"काय लपवून राह्यले खिशात? काढा."

"पोळलंय थोडं."

"पोळलं ते मले माहीत हाय. काढा म्हणते ना." तिनंच मनगट धरून हात बाहेर ओढला आणि दिव्याशी नाही, दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. फोड फुटून चिघळला होता. तिनं पदराच्या टोकानं तो टिपला. मग म्हणाली, "चुलीवरची पितळी तुम्ही नुसत्या हातानं उतरवता, लय दिवस झाले. मले वाटे, सांगाव. मंग वाटे, सांगतलं अन् ते खरं निघालं तर?"

"मग आता काय करणार तू?"

"काय करणार म्हंजे? कोठी जाऊ?" ती चिडून म्हणाली. "त्या नायकाले निरोप धाडते."

म्हणजे पडद्याआडून तिनं सगळं ऐकलं होतं. मला तिच्यापुढं रडू आलं आणि रडण्याचीही लाज वाटली.

सायकलवाला आला तो हातात एक छोटा रेडिओ घेऊन, गिऱ्हाईक असल्यासारखा. ही युक्ती त्याची की नायकाची, मी विचारलं नाही. पडद्याआड त्यानं मला बसवलं, बाह्या वर करायला लावल्या. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो मी गजकर्ण समजत होतो. त्यानं खिशातून कोंबडीचं पीस काढलं.

"डोळे मिटा. जिथं लागेल तिथं बोट ठेवा."

माझीच पद्धत त्यानं माझ्यावर लावली होती. मी डाव्या हाताच्या बोटानं दाखवत गेलो. खांदा. उजवा दंड. मनगट. मग तो थांबला. वाटलं, काहीतरी लिहीत असेल. रस्त्यावरून बंडी गेली, तिची घुंगरं ऐकू आली, ती लांब गेली. कंटाळून मी डोळे उघडले. पीस माझ्या उजव्या अंगठ्यावर फिरत होतं.

त्यानं भाजल्यावर पट्टी बांधली, पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या म्हणाला, वर्षानुवर्षं. रोग इथंच थांबेल. गेलेलं परत येईल असं मात्र त्यानं कबूल केलं नाही. "घरात वेगळं राहायची काही गरज नाही," असं त्यानं बायकोकडे पाहून दोनदा सांगितलं. "आयर्नला कापड गुंडाळा. बोटांवर नका विसंबू, डोळ्यांनी पाहत जा." म्हणजे मी पुन्हा शिकाऊ झालो. पिनेकडे पाहायचं, मग काट्याकडे, पुन्हा पिनेकडे.

काम जमू लागलं. पण मनातलं जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं चहा आणला तेव्हा मी कपबशी नको म्हणालो. उठलो, कोनाड्यातला बिनकानाचा कप घेतला आणि तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, त्यांनी सांगतलं ना, गरज नाही म्हणून. मी ऐकलं नाही. मी त्यात चहा घेतला, स्वतः विसळला, पालथा घातला. रोज तसंच. आपण तिला जपतोय असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर लोकांनी वेगळं काढायच्या आधी आपणच आपल्याला वेगळं काढलं तर कमी लागेल, असं वाटत होतं. आपल्यावर केवढं आभाळ कोसळलं आहे, की भिंतीतल्या कपात चहा प्यावा लागतो, असा विचार करत मी तो प्यायचो. तेव्हा मला दुसरं कोणी आठवलं नाही. हे लिहितानाही पेन अडतं.

नायकाचा रेडिओ मी डाव्या हातानं दुरुस्त केला. एका वाल्वच्या पायाशी सांधा सैल होता, हलला की तुटायचा, टेकला की जुळायचा. लग्नाच्या आधी नायक न्यायला आला. चहाचीच वेळ होती. मी गादीवर बसून कपातला चहा पीत होतो आणि बायको भांडं घेऊन दारात उभी होती. नायक पायरी चढून आला, नेहमीच्या सवयीनं त्याचा हात कोनाड्याकडे गेला. कोनाडा रिकामा होता. त्यानं मागं वळून पाहिलं तर कप माझ्या हातात.

मग बायको आत गेली आणि कपबशी घेऊन आली, आमच्या घरातली, कानाची, निळ्या काठाची. तिनं ती नायकाच्या हातात दिली आणि चहा ओतला. त्यानं कानात बोट घातलं, कप थोडा उचलून पाहिला. मी रेडिओ लावून दिला. बाजारभाव चालले होते. नायकानं बशीत चहा ओतून प्यायला. रेडिओ ऐकला, मान हलवली. मग त्याची नजर माझ्या उजव्या हातावर आली. पट्टी निघालेली होती. गरम कप मी सरळ बोटांत धरला होता, सोगा नाही, फडकं नाही.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोललो असतो. गाडीतल्या शेजाऱ्याला विचारावं तसं त्यानं विचारलं.

"मले तर हा कप लय पोळे, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमाले नाही पोळत?"

"नाही," मी म्हणालो.